मराठवाड्यातल्या बागेत तरवड: लावायचा कसा आणि कुणासाठी

बालाघाटची_लेक

मधमाश्या-फुलपाखरांसाठी बागेत काय लावावं, हा प्रश्न इथं वरचेवर येतो आणि उत्तरात तीच ती नावं येतात: झिनिया, कॉसमॉस, टेकोमा, टणटणी. ही सगळी मूळची अमेरिकेकडची. त्यातली टणटणी तर डोंगर गिळत चाललीय. आपल्या मातीतलं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकणारं, टँकरच्या उन्हाळ्यातही तग धरणारं रानफूल हवं असेल तर ते आपल्या बांधावर उभं आहे: तरवड. त्याच्याबद्दल इथं कुणी नीट लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

ओळख पटवायची तर पानाच्या देठाशी बघा. तिथं कानाच्या पाळीसारखी गोल, हिरवी उपपर्णं असतात. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. त्यातलं ऑरिक्युलाटा म्हणजे कान असलेला. पूर्वीच्या पुस्तकांत हा कॅशिया ऑरिक्युलाटा म्हणून सापडेल. फांद्यांच्या टोकाला पिवळ्याधमक फुलांचे घोस, शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ. उंची साधारण कमरेपासून डोक्यापर्यंत. टाकळा वेगळा, तो पावसाळ्यात उगवतो आणि हिवाळ्यात वाळून जातो. नर्सरीत ‘कॅशिया’ म्हणून कुंपणाला जे विकतात तेही बहुतेक वेळा बाहेरचंच असतं. उपपर्णांचे कान दिसले नाहीत तर घेऊ नका.

आता खरी गोष्ट. तरवडाच्या फुलात मध नसतो, थेंबभरही नाही. माश्यांना देतो तो फक्त पराग, आणि तोही सहजासहजी नाही. फूल हातात घेऊन बघा. पुंकेसर दहा. वरचे तीन वांझ, मधले आखूड, खालचे लांब आणि बाकदार. बहुतेक फुलांत परागकोश उभा चिरतो आणि पराग उघडा पडतो. इथं तसं होत नाही. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं आणि पराग आत कोंडलेला राहतो.

तो काढायचा तर माशीला थरथराट करावा लागतो. काळा भुंगा येतो, परागकोशांना मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू कंप पाववतो आणि पिवळी भुकटी टोकातून फसकन बाहेर येते. उडतानाचा आवाज आणि हा आवाज वेगळा असतो. फुलावर बसल्यावर एकदम चढा, तुटक गुणगुणाट ऐकू येतो. आखूड केसरांतला पराग तो स्वतःच्या पिलांसाठी नेतो. लांब केसरांतला त्याच्या अंगावर अशा जागी बसतो जिथं त्याचे पाय नीट पोचत नाहीत, आणि तोच दुसऱ्या फुलाच्या कामी येतो. एकाच झुडपावर काही फुलांचा स्त्रीकेसर डावीकडे वळलेला असतो, काहींचा उजवीकडे. त्यामुळं एका फुलातून एका कुशीला लागलेला पराग विरुद्ध वळणाच्या फुलात नेमका जागी पोचतो.

आग्या, सातेरी, फुलोरी या मधाच्या माश्यांना असा कंप देता येत नाही. त्या येतात, पण सांडलेलं वेचायला. खरं काम भुंग्याचं आणि निळ्या पट्ट्यांच्या माशीचं. ही दुसरी बऱ्याच जणांनी बघितलेली असते पण ओळखलेली नसते. मधमाशीएवढीच, पोटावर चमकदार निळसर पट्टे, एका जागी फार थांबत नाही. दोन्ही जाती एकेकट्या राहतात. ना पोळं, ना मध, त्यामुळं त्यांची दखलही कुणी घेत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की नुसता तरवड लावून भागत नाही. भुंग्याला वाळकं लाकूड लागतं, निळ्या पट्ट्यांच्या माशीला मातीची भिंत किंवा कोरडी दरड लागते. ही दोन्ही आसपास नसतील तर झुडूप फुलेल आणि शेंगा मोजक्याच धरतील. आणि दोघांनाही उडायची ताकद मधातून मिळते, जो तरवडाकडे नाही. म्हणून शेजारी तुळस, कोरांटी, निर्गुडी यातलं काहीतरी हवंच. माझ्याकडे परसात तिन्ही आहेत, आणि तुळशीच्या मंजिऱ्यांवर निळ्या पट्ट्यांची माशी हमखास असते.

लावण्याचं सांगते. बी टणक असतं, तसंच पेरलं तर महिनोन्महिने पडून राहतं. उकळून खाली उतरवलेलं पाणी बियांवर ओतायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी फुगलेलं बी तेवढं वेचून पेरायचं. न फुगलेलं पॉलिश पेपरवर हलकं घासून पुन्हा भिजवायचं. जमेल तर जागेवरच पेरा, मृगाचा पाऊस झाला की. सोटमूळ लवकर खोल जातं आणि त्याला हलवलेलं सोसत नाही. पिशवीत करायचंच असेल तर उंच पिशवी घ्या आणि रोप वीतभर व्हायच्या आत जमिनीत लावा.

जागा मुरमाड, उन्हाची. भारी काळ्या रानात पाणी साचतं, तिथं वरंब्यावर किंवा बांधाच्या उतारावर लावा. हा चारशे मिलिमीटर पावसातही तगतो. आपल्याकडे सरासरी त्याच्या दीडपटीहून जास्तच पडतो. पहिल्या वर्षी झुडूप वाढल्यासारखं वाटत नाही, कारण सगळा जोर मुळाकडे असतो. तेव्हा खतपाण्याचा मारा करू नका.

काळी_माती

ताई, तुम्ही लिहिलंय ते वाचलं, चांगलं लिहिलंय. पण एक विचारायलो, राग मानू नका. तरवड कुणी लावतं का? आमच्या मानवतकडं तो आपसूक उगवतो आणि आम्ही दरसाल तोडतो. बांध स्वच्छ ठेवा असं लहानपणापासून ऐकत आलो. बांधावर झाडोरा वाढला की उंदीर-घुशी वाढतात, कडंच्या पिकाच्या दोन ओळींना ओल पुरत नाही, आणि शेजारी म्हणतो बांध माझ्याकडं सरकवला. बागेतलं वेगळं, पण शेतकऱ्यानं यात का पडावं, हे सांगा.

बालाघाटची_लेक

दादा, राग कसला. बांध हा भाऊबंदकीचा विषय आहे, हे मलाही माहीत आहे. सामाईक बांधावर लावा असं मी म्हणणारच नाही. विहिरीच्या थारोळ्याकडची पड जागा, गोठ्यामागचा मुरूम, रस्त्याकडची कड, नाल्याची दरड अशा जागा प्रत्येक शेतात असतात. तिथला तरवड तोडू नका, एवढंच मागणं.

ओलीचं म्हणाल तर तरवडाचं मूळ खोल जातं, पण झुडपाच्या अगदी लगत पिकाला त्रास होणार, ते खरं आहे. दोन हात सोडून ठेवा. तो शेंगवर्गीय असला तरी हरभऱ्यासारख्या मुळावर गाठी येऊन नत्र धरतो असंही नाही. मात्र पाला चांगला कुजतो. दक्षिणेत भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून तो तुडवतात.

शेतकऱ्यानं का पडावं, तर वांग्यासाठी. वांग्याचं फूल उघडून बघा, त्याचाही परागकोश टोकालाच उघडतो. टोमॅटोचंही जवळपास तसंच. जो भुंगा तरवडावर थरथरतो तोच वांग्यावर थरथरतो. वांगं चार महिने फुलतं, मग तो भुंगा उरलेलं वर्ष कशावर काढणार? तरवड थोडाफार वर्षभर फुलत राहतो.

विज्ञानाचे_सर

यात एक भर घालतो. आठवीच्या वर्गाला ध्वनी शिकवताना मी तरवडाची फांदी वर्गात नेतो. प्रयोगशाळेतला नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटायचा आणि त्याचं टोक अलगद परागकोशाला लावायचं. छिद्रातून पिवळ्या धुळीची बारीक धार उडते. काळा कागद खाली धरला तर मागच्या बाकावरूनही दिसते. तेच फूल नुसतं हातानं हलवलं तर जवळपास काहीच पडत नाही. कंप म्हणजे काय, हे पोरांना फळ्यावर समजावून सांगावं लागत नाही.

फूल सकाळचं ताजं घ्यावं. दुपारपर्यंत माश्यांनी रिकामं केलेलं असतं आणि प्रयोग फसतो.

पुण्यात_लातूरकर

फारच छान धागा. मी पाचव्या मजल्यावर राहतो, बाल्कनीत दुपारनंतर ऊन असतं. मोठ्या कुंडीत तरवड होईल का? गावाकडची आठवण म्हणून तरी.

बालाघाटची_लेक

होईल, पण मनापासून सांगायचं तर नका लावू. सोटमुळाला कुंडी पुरत नाही, झुडूप खुरटतं आणि फुलोरा तुरळक येतो. बाल्कनीत पिवळी कोरांटी लावा. तीही आपलीच, बारमाही, काटेरी, पाण्याचे लाड न मागणारी. फांदी लावली तरी जगते. तिच्यात मध असतो, सूर्यपक्षीसुद्धा येतो. बोंड वाळल्यावर एखादं पाण्यात टाकून बघा, थोड्या वेळात तडकतं आणि बी उडतं. सोबत दोन कुंड्या तुळशीच्या, आणि मंजिरी खुडायची नाही. पाचव्या मजल्यावर तेवढ्यानं माश्या येतील. तरवड गावच्या घराच्या मागं लावा, सुट्टीला जाल तेव्हा बघाल.

देगलूरची_सीमा

आमच्याकडं याला बरेच जण तंगेडू म्हणतात, सीमेपलीकडची तेलुगू बोली इथं सर्रास आहे. तेलंगणानं राज्यफूल म्हणून यालाच निवडलंय. बतुकम्मा या तिकडच्या फुलांच्या सणाच्या नऊ दिवसांत फुलांचे थर रचतात त्यात तंगेडू पाहिजेच, सोबत गुनुगू म्हणजे आपला कुरडू. आमच्या गल्लीतल्या तेलुगू घरांत नवरात्राच्या आधी पोरी टोपल्या घेऊन माळावर जातात. अलीकडं त्यांना लांब जावं लागतं. जवळच्या माळाचे प्लॉट पडले.

म्हणून आम्ही दोघी शेजारणींनी घरामागच्या रिकाम्या पट्टीत तरवडाची रांग लावली. सणाला फुलं खुडतो, पण झुडपाची सगळी खुडत नाही. निम्मी ठेवायची असं ठरलंय, आणि लहान पोरीही ते पाळतात.

माळवद

ताईंनी मातीच्या भिंतीचं लिहिलं, ते वाचून राहवलं नाही. मी औसा तालुक्यातला. आमच्या जुन्या माळवदाच्या घराला पांढरीच्या मातीची भिंत होती. उन्हं वर आली की भिंतीत बारीक भोकांशी या निळ्या पट्ट्यांच्या माश्यांची ये-जा चालायची. आई सारवताना तेवढा पट्टा सोडून द्यायची. ‘ती चावत नाही, तिला राहू दे’ म्हणायची. संध्याकाळी काही माश्या वाळक्या काडीला जबड्यानं धरून, ओळीनं लटकून झोपायच्या. ते नर असतात हे मला फार नंतर कळलं.

मग १९९३ चा ३० सप्टेंबर आला. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंतींनीच माणसं गाडली. त्यानंतर आमच्या लातूर-धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांत मातीच्या भिंतीखाली झोपायला कुणाचं मन धजेना, आणि ते बरोबरच आहे. पत्रा आला, सिमेंट आलं. माणूस सुरक्षित झाला, त्यावर दुमत नाही. पण माशीचं घर गेलं हेही तितकंच खरं, आणि त्याची भरपाई आपण करू शकतो असं मला वाटतं.

मी केलेलं सांगतो. परसात, राहत्या घरापासून लांब, गुडघाभर उंचीचा मातीचा ओटा घातला. पांढरी माती, थोडी वाळू, पाणी. सिमेंट अजिबात नाही, भुसा नाही. जाडी वीतभर तरी पाहिजे, माशी आत आडवी जाते. तोंड पूर्वेला. वर पत्र्याचा तुकडा, पुढं हातभर आलेला, म्हणजे पावसानं विरघळत नाही. वाळल्यावर नख ओढलं तर माती सुटली पाहिजे. नख ओढून काहीच सुटत नसेल तर माशीलाही कोरता येत नाही. सुरुवातीला पेन्सिल जाईल एवढी चार-पाच भोकं काडीनं पाडून ठेवा, खोल नाही, बोटाच्या पेराएवढी. त्यांना जागा दाखवल्यासारखं होतं.

बालाघाटची_लेक

काका, तुमचा हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. भूकंपाचं तुम्ही लिहिलंत ते फार नेमकं आहे. ओटा गुडघाभरच ठेवावा, त्यावर काही रचू नये आणि लेकरं खेळतात तिथं घालू नये, एवढं मी माझ्याकडून जोडते.

आडगाव_रोड

भुंग्यांची मला भीती वाटते. आमच्या पडवीच्या वाशांना त्यांनी गोल भोकं पाडलीत, खाली भुसा पडतो. आणि तुम्ही त्यांना बोलवायला सांगताय. चावतात का? लहान मूल आहे घरात.

विज्ञानाचे_सर

नर भुंग्याला नांगीच नसते. अंगावर धावून येतो, तोंडासमोर घिरट्या घालतो तो बहुधा तोच, आणि तो काहीही करू शकत नाही. मादीला नांगी असते, पण हातात दाबली किंवा तिच्या भोकात बोट घातलं तरच वापरते. मुलाला एवढंच शिकवा की भोकात काडी घालायची नाही.

वाशांचं म्हणाल तर भुंगा लाकूड खात नाही, घर करण्यासाठी कोरतो. त्याला मऊ, वाळकं, रंग न दिलेलं लाकूड आवडतं. वाशांना ऑईलपेंट द्या आणि आवारात कोरड्या, उन्हाच्या जागी शेवग्याचा किंवा पांगाऱ्याचा वाळका ओंडका उभा करून ठेवा, नाहीतर जाड बांबूचे एका बाजूनं उघडे तुकडे बांधून आडवे टांगा. त्याला सोपी जागा मिळाली की वाशांचा त्रास कमी होतो.

पुण्यात_लातूरकर

तुमचं ऐकलं सर-ताई, कोरांटी लावतो. गावी आईला फोन केला तर ती म्हणाली, आपल्या विहिरीवर दोन तरवड आहेत पण पानं अळ्यांनी खाल्लीत, औषध मारू का. काय सांगू?

बालाघाटची_लेक

कृपा करून मारू देऊ नका. त्या बहुतेक पांढुरक्या, चपळ फुलपाखरांच्या अळ्या आहेत, मॉटल्ड एमिग्रंट म्हणतात त्यांना. मादी कोवळ्या पानावर एकेक उभं, पांढरं, तांदळाच्या कणीहूनही बारीक अंडं घालते. अळी हिरवी, पानाच्या शिरेला चिकटून बसते. झुडूप आठ-पंधरा दिवस झडल्यासारखं दिसतं, मग नवी पालवी येते. फुलपाखरांसाठी बाग करायची आणि अळी मारायची, ह्या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत. आईंना सांगा, अळ्या मोजक्या दिवसांच्या पाहुण्या आहेत आणि तरवड त्यांना पुरून उरतो.

गोदाकाठ

तरवडाच्या फुलांचा चहा साखरेच्या आजारावर चालतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. कुणी घेतं का?

बालाघाटची_लेक

फुलांचा काढा जुन्या घरांत करतात, आयुर्वेदात आवर्तकी म्हणून याचं नाव आहे. पण साखरेची गोळी चालू असताना त्यावर असं काही घेणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. या धाग्यावर मला उपचारांची चर्चा नकोय, कारण ‘औषधी’ म्हटलं की लोक झुडूप मुळासकट उपटून नेतात. पूर्वी सालीसाठीही तरवड फार सोलला जायचा. सालीत टॅनिन असतं, कातडी कमवायला तेच वापरायचे.

काळी_माती

ताई, पुन्हा आलो. काल रानात गेलो तेव्हा मुद्दाम थांबून बघितलं. विहिरीपाशी एक तरवड राहिलाय, तोडायचा राहिला होता. भुंगा बसला की आवाज बदलतो, तुम्ही म्हणाल्या तसा. इतकी वर्षं कानावर पडला असेल, कधी लक्ष दिलं नाही.

आता तुरीचं सांगा. आमच्याकडं बीडीएन ७११ वाण आहे, पुढं फुलावर येईल. तुरीला या माश्यांचा उपयोग होतो का? आणि फवारणीचं काय करायचं? घाटेअळी आली तर आम्हाला गप्प बसता येत नाही.

बालाघाटची_लेक

दादा, तूर स्वतःच्या परागावरही शेंग धरते. पण माश्याही एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. तुरीच्या बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या वाणापासून अंतर ठेवायला लावतात ते त्याचमुळं. तुरीच्या फुलाची खालची पाकळी दाबून उघडायला अंगात वजन लागतं, त्यामुळं तिथंही भुंगा आणि पानं कापणारी माशी दिसते. गुलाबाची पानं गोल कातरलेली दिसतात ना, ते हिचंच काम.

घाटेअळीवर गप्प बसा असं मी सांगणार नाही, वर्षाचं पीक आहे. पण कळी लागायला सुरुवात होते तेव्हा पाच टक्के निंबोळी अर्क, शेतात पक्षिथांबे आणि कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढणारे), हे आधी करा. सापळ्यात पतंग वाढले, झाडावर अळ्या दिसल्या, तरच रासायनिक. आणि ते उन्हं उतरल्यावर. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात फुलावर माशी असते, त्या वेळात पंप उचलू नका. विहिरीवरच्या त्या तरवडावर वाऱ्यानं फवारा जाणार नाही एवढं बघा. वारा उलटा असेल तर त्या बाजूच्या पिकाच्या चार ओळी सोडून द्या.

काळी_माती

संध्याकाळी फवारायचं म्हणजे गडी मिळत नाही, पण बघतो. पोरगं आणि मी मिळून करू. विहिरीचा तरवड राहू देतो, आणि गोठ्यामागच्या मुरमावर आणखी करावा म्हणतो. तुमच्याकडचं बी द्याल का? पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

बालाघाटची_लेक

बी देईन की. पण तुमच्याच विहिरीवरच्या झुडपाचं घ्या, ते तुमच्या मातीला सरावलेलं आहे. शेंग हिरवी असताना तोडू नका. फिक्या तपकिरी रंगाची झाली, हलवल्यावर आत खडखड वाजलं की काढा. एका शेंगेत दहा-पंधरा बिया निघतात, भोक पडलेल्या फेकून द्या. राखेत मिसळून डब्यात ठेवा. शेंगा उतरवून झाल्या की उन्हाळ्यात झुडूप जमिनीपासून हातभर ठेवून छाटा, पावसाळ्यात दाट फुटतं. तोडलेल्या फांद्या बांधाकडंच्या कोपऱ्यात रचून ठेवा, जाळू नका.

माळवद

काळी_माती भाऊ, गोठ्यामागं जागा आहे म्हणताय तर तिथंच मातीचा ओटाही घालून टाका. पांढरी माती गावात जुन्या पडक्या वाड्याजवळ मिळेल, मालकाला विचारून दोन घमेली आणा. गुरांचं मूत लागणार नाही अशा बाजूला घाला, आणि पत्रा विसरू नका.